तोबरा कुणाच्या हातात? नाचाच्या घोडीतल्या लॅमिनायटिसचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

लॅमिनायटिसचं, म्हणजे घोड्याच्या खुराच्या आतल्या सुजेचं, हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यातल्या एका घरचं आहे. ओळख पटू नये म्हणून गाव, नाती आणि काही बारीकसारीक तपशील बदलले आहेत. घोडीला इथं चंद्रा म्हणू. मारवाडी जातीची, कुमैत रंगाची, ९ वर्षांची, ६० इंच उंचीची.

घर बागायतदाराचं. थोरले आप्पा वयानं पंच्याहत्तरीच्या पुढचे, त्यांचं सगळं आयुष्य घोड्यांत गेलेलं. शेती आणि दूधधंदा बघणारा मुलगा घोडीचा मालक. त्याचा धाकटा भाऊ बाजाराचा जाणकार, अकलूजपासून सारंगखेड्यापर्यंत कुठला घोडा कितीला गेला हे तोंडपाठ असणारा. तबेल्यात एक मोतद्दार. खरारा, पाणी, चंदी (दाण्याचा खुराक), फिरवणं, सगळं त्याच्याकडे.

आपल्याकडे घोडं आता शेताच्या कामाचं राहिलेलं नाही. ते हौसेचं आणि इभ्रतीचं जनावर आहे. त्यामुळं ते कसं दिसतं यावर मालकाचं नाव ठरतं. सारंगखेड्याला तापीकाठी दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. तिथं पाहणाऱ्याची नजर आधी अंगावरच्या चकाकीवर जाते, मग मानेच्या कमानीवर आणि भरलेल्या पुठ्ठ्यावर. अंगावरून हात फिरवताना बोटाला फासळी लागता कामा नये, अशी इथली समजूत. पशुवैद्यकाची मोजपट्टी नेमकी उलटी आहे. १९८३ मध्ये टेक्सासमध्ये हेनेके आणि सहकाऱ्यांनी घोड्याच्या अंगावरची चरबी जोखण्यासाठी १ ते ९ गुणांची पद्धत मांडली, ती आज जगभर वापरतात. त्यात ५ गुणांच्या घोड्याची फासळी दिसत नाही, पण हाताला सहज लागते. बाजारात ज्याला 'तयार माल' म्हणतात तो या पट्टीवर ७ किंवा ८ वर बसतो.

चंद्राचा खुराक असा होता. सकाळच्या तोबऱ्यात (घोड्याच्या तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी) २ किलो हरभऱ्याची भरड, १ किलो मक्याचा भरडा, वर पाव किलो गूळ. संध्याकाळी तेवढाच दुसरा तोबरा, त्यात तूप. थंडी पडली की खारीक आणि दूध. वैरणीला उसाचं वाढं आणि कडबा. डोंगरी गवताच्या पेंढ्या होत्या, पण त्या म्हशींपुढं पडायच्या. वाढ्यासोबत चुन्याची निवळी द्यायची पद्धत घरात होती आणि ती चांगली आहे, कारण वाढ्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. म्हणजे हे घर अडाणी नव्हतं आणि निष्काळजी तर मुळीच नव्हतं. तालुक्यात इतक्या मायेनं ठेवलेली घोडी क्वचित पाहायला मिळते.

नेमकं काय घडलं

तुळशीचं लग्न लागलं आणि लग्नसराई सुरू झाली. सारंगखेड्याला न्यायचं म्हणून चंद्राची चंदी दोन आठवड्यांपासून वाढवलेली होती. त्यातच जवळच्या नात्यातली वरात आली. डांबरी रस्ता, पुढं डीजे, घोडी तीनेक तास नाचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ठाणावरून, म्हणजे बांधायच्या जागेवरून, हलेना. मोतद्दारानं सांगितलं, "दादा, घोडीनं पाय धरलेत." मालकाला वाटलं, रात्रभर नाचलीय, अंग आखडलं असेल. पायांना तेल चोळलं आणि 'मोकळी' करायला शेताच्या बांधानं फिरवली. दुपारी गावातल्या जनावरांना सुया मारणाऱ्या माणसाकडून माणसांच्या औषधांतलं डायक्लोफेनॅक टोचून घेतलं. तासाभरात घोडी बरी चालायला लागली, म्हणून आणखी फिरवली. तिसऱ्या दिवशी ती बसली ती उठेना. पोटशूळ असावा या भीतीनं मग पशुवैद्य म्हणून मला फोन आला.

डायक्लोफेनॅकबद्दल इथंच दोन शब्द. जनावरांसाठी त्याच्या वापरावर भारतात २००६ पासून बंदी आहे, कारण हे औषध अंगात असलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं तर त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. माणसांच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जातात हे लक्षात आल्यावर २०१५ मध्ये इंजेक्शनची बाटली ३ मिलीपुरती मर्यादित केली. तरी ते तबेल्यांत पोचतंच. या प्रकरणात त्यानं केलेलं नुकसान वेगळं होतं. दुखणं झाकलं गेलं आणि ज्या पायांना पूर्ण विश्रांती हवी होती त्यांच्यावर घोडीला चालवलं गेलं.

पहिली तपासणी

पोट ठीक होतं. आतड्यांचा आवाज दोन्ही बाजूंना येत होता, लीद पडत होती. लघवी गडद नव्हती, त्यामुळं श्रमानं स्नायू फुटल्याची शंका मागं पडली. डोळ्याचा आतला पडदा पुढं आलेला नव्हता, जबडा मोकळा होता, म्हणजे धनुर्वात नाही.

उठवल्यावर चित्र स्पष्ट झालं. पुढचे पाय पुढं टाकलेले, मागचे पोटाखाली ओढलेले, सगळं वजन टाचांवर. पुढचे दोन्ही खूर गरम. घोट्याच्या मागं नाडी बोटाखाली ठणठण लागत होती. चिमट्यानं खुराच्या पुढच्या टोकाजवळ दाब दिला की घोडी पाय झटके. एक पाय उचलू देईना, कारण मग सगळा भार दुसऱ्यावर येणार. निल्स ओबेल या स्वीडिश पशुवैद्यानं १९४८ मध्ये लावून दिलेल्या ४ पायऱ्यांच्या मापात ही तिसरी पायरी.

तिचा चेहराही बोलत होता. कान मागं ताठ, डोळ्यावरची कड ताणलेली, नाकपुड्या आवळलेल्या. चेहऱ्यावरच्या अशा सहा खुणांवरून घोड्याची वेदना मोजण्याची पद्धत २०१४ पासून प्रकाशित आहे. ती मोतद्दाराला शिकवायला पाच मिनिटं लागतात आणि पुढं तिचा फार उपयोग झाला.

खुरात नेमकं काय होतं ते थोडक्यात सांगायला हवं. खुरातलं शेवटचं हाड खुराच्या भिंतीला आतून शेकडो बारीक पापुद्र्यांनी टांगलेलं असतं. घोड्याचा सगळा भार त्या पापुद्र्यांवर. ते सुजले आणि ताणले गेले की पकड सुटायला लागते, हाड भिंतीपासून फिरतं, वाईट परिस्थितीत तळव्याकडे खचतं. हाच लॅमिनायटिस. एवढं कळलं की या अवस्थेत घोडं फिरवणं घातक का, हे वेगळं समजावावं लागत नाही.

दोन गोष्टी मात्र घरात कुणाच्या लक्षात आलेल्या नव्हत्या. एक, खुरांवरच्या आडव्या वळ्या. त्या पुढं दाटीनं आणि टाचेकडे पसरत गेलेल्या होत्या. असं तेव्हाच दिसतं जेव्हा आधीही एकदोनदा सौम्य झटका येऊन गेलेला असतो. विचारल्यावर मोतद्दाराला आठवलं की गेल्या पावसाळ्यात घोडी वळताना अडखळायची आणि खडीवर चालायला नको म्हणायची. घरानं तो नखरा मानला होता.

दुसरी गोष्ट वजन. छातीचा घेर १८६ सेंमी, खांद्यापासून ढुंगणापर्यंत लांबी १४८ सेंमी. घेराचा वर्ग गुणिले लांबी भागिले ११,८८० या सूत्रानं वजन आलं ४३१ किलो. चरबीचे गुण ९ पैकी ८. आयाळीखालची मानेची कड हातात मावत नव्हती, दाबली तर दगडासारखी कडक लागत होती.

मालकांना लॅमिनायटिस ओळखू येत नाही ही तक्रार आपल्याकडचीच आहे असं नाही. ब्रिटनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पशुवैद्यांनी निदान केलेल्या ९३ प्रकरणांपैकी ४२ मध्ये मालकाला हा आजार असल्याचा संशयच आला नव्हता. कुणी साधं लंगडणं समजलं, कुणी खुरातला गळू, कुणी पोटशूळ, कुणी नुसता आखडलेपणा. तिथं तर या आजाराचं नाव प्रत्येक घोडेवाल्याच्या कानावर असतं.

कारण कुठलं?

मालकाच्या मते डांबरी रस्ता. तो वाटा नाकारता येत नाही, कडक जमिनीवर तासन्‌तास टापा आपटल्या की खुराच्या आतल्या भागाला मार बसतोच. पण त्या वरातीत आणखी घोड्या नाचल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी त्या धडधाकट होत्या.

एका तोबऱ्यातला स्टार्च कागदावर मांडला. हरभऱ्यातून साधारण ८०० ग्रॅम, मक्यातून ७०० ग्रॅम, म्हणजे दीड किलो. गूळ वेगळा. वजनाच्या दर किलोमागं साडेतीन ग्रॅम, तेही एका बैठकीत. स्टार्च साधारण २ ग्रॅमच्या वर गेला की घोड्याचं लहान आतडं कमी पडायला लागतं आणि धोक्यातल्या घोड्याला एका वेळी १ ग्रॅमच्या आत ठेवावं असं सांगतात. न पचलेला स्टार्च मोठ्या आतड्यात आंबतो, तिथला समतोल बिघडतो.

त्याहून मोठा मुद्दा इन्शुलिनचा. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठाच्या संशोधकांनी निरोगी पोनींच्या (बुटक्या जातीच्या घोड्यांच्या) रक्तात इन्शुलिन सतत चढं ठेवलं. साखर जास्त नाही, आतड्याचा आजार नाही, तरी ७२ तासांच्या आत पोनींना लॅमिनायटिस झाला. नंतर मोठ्या घोड्यांतही तेच दिसलं. अंगावर चरबी, मानेवर कडक कड आणि वर स्टार्च-गुळाचा मारा असलेल्या घोडीत इन्शुलिन कायम चढं राहण्याची शक्यता दाट असते. वरात हे निमित्त झालं.

एक गोष्ट आपल्या लोकांनी जपून वाचावी. या विषयावरचं बहुतेक लिखाण युरोप-अमेरिकेतलं आहे आणि तिथं खलनायक असतं ते हिरवं कुरण. 'घोडं चरायला सोडू नका' हा सल्ला तसाच उचलून इथं दिला तर उपयोग शून्य, कारण आपली घोडी कुरणात चरतच नाहीत. ती अगाडी-पिछाडी (पुढचे-मागचे दोर) लावून ठाणावर उभी असतात आणि साखर त्यांच्यापर्यंत तोबऱ्यातून येते, आप्पांच्या हातातून येते, काही प्रमाणात वाढ्यातूनही येते.

कोणते पर्याय समोर होते

पहिला प्रश्न हलवायचं का. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा पुण्याला नेलं असतं तर तपासण्या एका जागी झाल्या असत्या. पण अशा खुरांवर घोडीला टेम्पोत तोल सावरत उभं करणं म्हणजे तेच पापुद्रे आणखी फाडणं. निर्णय झाला की घोडी जागेवर राहील आणि फिरतं एक्स-रे मशीन इथं येईल. खर्च वाढला. मालक त्याला लगेच तयार झाला, हे नमूद करायला हवं.

दुसरा पर्याय धाकट्या भावानं मांडला. आठ दिवस दुखणं दाबणारी इंजेक्शनं द्यायची, बाजारात उभी करायची आणि विकून मोकळं व्हायचं. "बघणाऱ्याला काय कळतंय?" असं तो उघड म्हणाला. त्याला दोष देऊन विषय संपत नाही, बाजारात हे होतं आणि तो बाजारात वाढलेला माणूस आहे. त्याला दोन गोष्टी सांगितल्या. प्रवास आणि बाजारातला उभा मुक्काम या दोन्हींत हाड आणखी फिरलं तर घोडी तिथंच बसेल आणि सगळ्या बाजारासमोर बसेल. आणि दुखणं लपवून विकण्यासाठी औषध लिहून मिळणार नाही. आप्पा इतका वेळ गप्प होते. ते एवढंच म्हणाले, "घरातली लेक आजारी म्हणून कुणी बाजारात नेतं का?" तो पर्याय तिथं मिटला.

तिसरा पर्याय दयामरणाचा. एक्स-रेमध्ये हाड खचलेलं दिसलं असतं किंवा तळव्यातून बाहेर यायच्या बेतात असतं तर तो गांभीर्यानं मांडावा लागला असता. घरच्यांना ही शक्यता पहिल्याच दिवशी सांगून ठेवली. ऐनवेळी असा विषय काढला की माणसं हादरतात आणि निर्णय लांबतो, आणि लांबलेल्या प्रत्येक दिवसाची किंमत घोडी मोजते.

एक्स-रेमध्ये दोन्ही पुढच्या खुरांत हाड सुमारे ६ अंशांनी फिरलेलं दिसलं. खचलेलं नव्हतं. म्हणजे लढण्यासारखं होतं.

माणसांच्या मधुमेहासाठीच्या कॅनाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांचाही विचार झाला. घोड्यांत त्या इन्शुलिन खाली आणतात हे अलीकडच्या अभ्यासांतून दिसतंय, पण रक्तातली चरबी वाढण्याचा धोका असतो आणि त्यासाठी वरचेवर रक्त तपासावं लागतं. खुराक बदलून बघायच्या आधी तिकडे वळायचं नाही असं ठरलं.

काय केलं

फिरवणं बंद. ठाणावर टाचा बुडतील इतकी जाड वाळू टाकली, म्हणजे तळव्याला सगळीकडून आधार मिळतो आणि घोडी हवा तसा पाय ठेवू शकते. नाल काढले. तळव्याच्या मागच्या अर्ध्या भागाखाली जाड थर्माकोलचे तुकडे कापून पट्टीनं बांधले. ते दबले की त्यावर नवे. थर्माकोल लग्नाच्या मांडवातून उरलेलाच होता.

बर्फाबद्दल मनात शंका होती. खूर आणि घोटा सतत थंड ठेवण्याचा फायदा संशोधनात दिसला आहे तो मुख्यतः लक्षणं दिसण्याआधी किंवा दिसताक्षणी सुरू केल्यावर. इथं तिसरा दिवस उजाडला होता. तरी वेदना कमी होते आणि अपाय नाही, म्हणून दोन दिवस केलं. दूध संकलन केंद्रातून बर्फ आला आणि सलाइनच्या रिकाम्या मोठ्या पिशव्या बुटांसारख्या घालून त्यात भरला. हाच बर्फ वरातीच्या दुसऱ्या सकाळी लागला असता तर जास्त कामाचा होता. आता त्या तबेल्यात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे.

वेदनेसाठी सुरुवातीला फ्लुनिक्सिन, वजनाच्या किलोमागं १.१ मिलिग्रॅम, आणि पुढं मेलॉक्सिकॅम तोंडानं. डायक्लोफेनॅकवर लगेच दुसरं औषध चढवलं तर पोटात व्रण आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, म्हणून मधे अंतर ठेवलं आणि घोडी पाणी पितेय ना यावर नजर ठेवली. 'एक स्टिरॉइड मारा, लगेच उठेल' अशी सूचना गावातून आली होती. स्टिरॉइडनं इन्शुलिन आणखी चढतं, त्यामुळं ते या घोडीला चालणार नव्हतं.

नालबंदाशी बोलणं हा वेगळाच अध्याय. तो तीस वर्षांचा अनुभवी आणि हात उत्तम, पण नाचाच्या घोडीचा खूर पुढं लांब ठेवायची त्याची सवय. लांब टोक दर पावलाला भिंत हाडापासून उचकटतं. त्याला एक्स-रेची फिल्म उन्हात धरून दाखवली. हाड कुठं आहे आणि भिंत कुठं गेलीय हे त्यानं स्वतः बोटानं मोजलं आणि पुढचं त्यालाच कळलं. पुढचं टोक मागं घेणं आणि टाच हळूहळू उतरवणं, दर चार-पाच आठवड्यांनी. कारागिराला हुकूम देण्याऐवजी त्याच्यासमोर पुरावा ठेवला की काम सोपं होतं.

खुराक पूर्ण बदलला. हरभरा, मका, गूळ, खारीक, वाढं बंद. वाळलेलं पवन्या-मारवेलचं गवत रोज साडेसहा किलो, म्हणजे वजनाच्या साधारण दीड टक्का, चार वेळांत विभागून. ते तासभर पाण्यात भिजवायचं आणि पाणी फेकून द्यायचं, त्यात विरघळणारी साखर निघून जाते. उन्हाळ्यात जास्त वेळ ठेवलं तर गवत आंबतं, म्हणून तासाच्या वर नाही. सोबत खनिज मिश्रण, मीठ आणि मूठभर वाळलेला लसूणघास. घोडी उपाशी ठेवायची नाही ही तंबी मुद्दाम दिली, कारण लठ्ठ घोडी एकदम उपाशी पडली तर चरबी रक्तात उतरते आणि यकृतावर बेतते.

वेदना ओसरल्यावर इन्शुलिनसाठी रक्त पाठवलं. आधी पाठवण्यात अर्थ नव्हता, दुखण्यानं आणि ताणानंही आकडा चढतो. माणसांच्या प्रयोगशाळेतल्या सगळ्याच पद्धती घोड्याचं इन्शुलिन सारख्या अचूकतेनं मोजत नाहीत, त्यामुळं आकड्याला चिकटून बसलो नाही. नुसतं गवत खाल्लेलं असतानाही तो बराच वर होता, एवढं निदानाला पुरेसं होतं.

गाडं अडलं ते इथं

दीड महिन्यानं घोडी वाळूवर नीट चालत होती, औषध सुटलं होतं. पण घेर १८६ वरून जेमतेम १८४ वर आलेला. मोतद्दार शपथेवर सांगत होता की गवत मोजूनच देतो, आणि तो खरं बोलत होता.

मग 'कोण काय देतं' याऐवजी 'घोडीचा दिवस कसा जातो' असं विचारलं. पहाटे आप्पा तबेल्यात येतात. घोडी त्यांचा आवाज ओळखते, मान पुढं करते. आप्पा तिला गुळाचा खडा देतात. तिच्या आईलाही ते असाच द्यायचे. नंतर शाळेत जाताना नात अर्धी भाकरी देते. दुपारी येणारे-जाणारे बघे, कुणाच्या हातात उसाचं कांडं. मोतद्दार या कुणालाच अडवू शकत नव्हता. आणि त्याच्या मनात वेगळीच भीती होती. घोडी बारीक झाली तर लोक म्हणणार, ह्यानं चंदी खाल्ली.

ही भीती कुठल्याही आहार-तक्त्यात बसत नाही, आणि संपूर्ण प्रकरणाची किल्ली तिथं होती. आतापर्यंतच्या सूचना मालकाला दिल्या जात होत्या, कारण बिल तो भरत होता. तोबरा मात्र दुसऱ्याच्या हातात होता आणि माया तिसऱ्याच्या. ब्रिटनमध्ये लिव्हरपूल विद्यापीठात घोड्यांच्या लठ्ठपणावर मालकांशी बोलून झालेल्या कामातही हेच पुढं येतं की माहिती असणं आणि वागणं बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मधे नाती, सवयी, तबेल्यातले इतर लोक असं बरंच काही येतं.

म्हणून पुढची बैठक तबेल्यातच घेतली, सगळ्यांना बोलावून. आप्पांना 'गूळ देऊ नका' म्हणायचं नाही हे आधीच ठरवलं होतं. त्यांना मोजपट्टी दिली. म्हटलं, "आप्पा, नजर तुमच्याइतकी कुणाची तयार नाही. दर गुरुवारी घेर तुम्ही घ्यायचा आणि वहीत लिहायचा." पहाटे हातातून काय द्यायचं हाही प्रश्न होता, कारण ते देणं बंद करणं आप्पांना शक्य नव्हतं आणि करायचं कारणही नव्हतं. काकडीच्या दोन चकत्या ठरल्या. आप्पा हसले. म्हणाले, "घोडीला कोशिंबीर?" पण दिल्या.

मोतद्दारासाठी मालकानं सगळ्यांसमोर सांगितलं की घोडी उतरली तर ते मोतद्दाराचं यश, आणि ठरावीक घेर गाठल्यावर बक्षीस. हे मालकाला स्वतःला सुचलं. सगळ्यात जास्त काम याच एका वाक्यानं केलं असं माझं मत आहे.

नातीशी बोलताना घरातल्या लॅब्राडोरचा विषय निघाला, तोही बिस्किटांवर फुगलेला. अमेरिकेत ४८ लॅब्राडोरांवर त्यांच्या जन्मभर चाललेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. जोडीदार कुत्र्यापेक्षा एक चतुर्थांश कमी खाणाऱ्यांचं मध्यम आयुष्य १३ वर्षं भरलं, इतरांचं ११.२. मुलीनं बोटांवर वजाबाकी केली. भाकरी त्या दिवसापासून बंद झाली, दोघांचीही.

परिणाम

सहाव्या महिन्याच्या शेवटी घेर १७६ सेंमी, वजन सुमारे ३८६ किलो. चरबीचे गुण ६. मानेची कड मऊ पडली. एक्स-रेमध्ये वरून येणारी नवी भिंत हाडाला समांतर दिसते. खूर महिन्याला ६ ते १० मिलीमीटर वाढतो, त्यामुळं जुनी ताणलेली भिंत पूर्ण खाली निघून जायला वर्ष लागेल. मऊ जमिनीवर घोडी मोकळी चालते, दुडकीही धरते. खडीवर अजून सावध असते.

बाजाराची ती यात्रा हुकली. गावात 'घोडी सुकवली' अशी बोलणी आप्पांना ऐकावी लागली. आप्पा वही काढून दाखवतात, पण सगळ्यांना वही पटते असं नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर एकदा घेर पुन्हा ३ सेंमीनं वाढला. कारण सापडायला वेळ लागला नाही, बांधावरचं कोवळं लुसलुशीत गवत. आप्पांनीच ते वहीत पकडलं आणि फोन केला. खुरांत नाडी लागायच्या आधीच ते थांबलं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्याच दिवशी 'या घोडीला हातानं कोण कोण खायला घालतं' हा प्रश्न विचारता येतो. औषधपाण्याच्या धांदलीत तो मागं पडतो. आता अशा तबेल्यात तो नाडी बघण्याबरोबरच विचारावा.

नाल मारायला दर महिन्याला येणारा नालबंद हा या आजाराचा पहिला साक्षीदार असतो. चंद्राच्या खुरावरच्या वळ्या त्यानं आधीच पाहिल्या होत्या, पण त्यांचा अर्थ त्याला कुणी सांगितलेला नव्हता. तालुक्यातल्या नालबंदांना तेवढी एक खूण शिकवणं हे शंभर पत्रकं वाटण्यापेक्षा जास्त फळेल.

स्पर्धांच्या परीक्षकांबद्दलही बोलायला हवं. ८ गुणांच्या घोड्याला बक्षीस मिळत राहिलं तर मालक खुराक कमी का करेल? नाचाच्या आणि देखणेपणाच्या स्पर्धांत चरबीचे गुण बघणारा पशुवैद्य बसवणं अवघड नाही. इच्छा असेल तर पुढच्या हंगामापासून होऊ शकतं.

सध्या

डांबरी रस्त्यावर नाच बंद, हे घरानं मान्य केलं आहे. मातीच्या रिंगणात थोडा वेळ चालेल का, याचा विचार जुनी भिंत पूर्ण निघून गेल्यावर आणि पुन्हा एक्स-रे काढूनच होईल.

मालकाला आता तिच्यापासून शिंगरू हवं आहे. गाभणपणात घोडीचं शरीर इन्शुलिनला आणखी कमी दाद देतं, म्हणजे धोका वाढतो, आणि पोटातल्या शिंगरासाठी खुराक फार तोडताही येत नाही. सध्या ठरलंय ते इतकं की आधी इन्शुलिनची तपासणी पुन्हा करायची, त्याच प्रयोगशाळेत, त्याच पद्धतीनं. आकडा खाली आला नसेल तर या हंगामात घोडी घोड्याला दाखवायची नाही. धाकट्या भावानं घोडा मात्र आत्ताच बघून ठेवला आहे.